गिअरबॉक्स एकदाच उतरला पाहिजे

चामटोलीतून गाडी बाहेर काढली की एका बाजूला बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि पुढे काटई-शिळफाट्याची कोंडी. दुसऱ्या बाजूला वांगणी, शेलू, नेरळ आणि नेरळहून दस्तुरीला चढणारा माथेरानचा घाट. दोन्ही वाटा क्लचची परीक्षा घेणाऱ्या. कोंडीत माणूस तासभर अर्धा क्लच दाबून गाडी इंच इंच सरकवतो. घाटात पुढची गाडी वळणावर थांबली की मागच्याला उभ्या चढावर गाडी पुन्हा उचलावी लागते. माथेरान गावात मोटारींना बंदी असल्याने सगळ्या गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात, आणि पावसाळी रविवारी त्या रांगेत जळक्या प्लेटचा वास हमखास येतो. या पट्ट्यातल्या गाडीचा क्लच महामार्गावरच्या गाडीपेक्षा लवकर संपतो, यात नवल नाही.

क्लच गेला की बहुतेक जण दोन टोकांपैकी एक गाठतात. काही जण सर्व्हिस सेंटरने सांगितलेला आकडा निमूट देतात, तर काही जण जवळच्या गॅरेजमध्ये 'स्वस्तात बसवून द्या' म्हणून गाडी लावून निघून जातात. बाहेरच्या बाजारातला क्लच बाहेरच्या मिस्त्रीकडून बसवून घेणं हा पूर्णपणे शहाणपणाचा मार्ग आहे, असं माझं मत आहे. त्याला एकच अट आहे. मजुरीचा बहुतेक भाग गिअरबॉक्स खाली उतरवून परत चढवण्यात जातो. आत हजाराची प्लेट टाका किंवा दहा हजारांचा सेट टाका, मजुरी तीच. म्हणून एकदा उतरवलेला गिअरबॉक्स पुढची काही वर्षं पुन्हा उतरवावा लागणार नाही, या हिशोबाने प्रत्येक निर्णय घ्यायचा.

आधी खात्री, मग पाना

क्लच खरंच गेला आहे का, हे गिअरबॉक्सला हात लावण्याआधी बघा. रिकामा, सरळ रस्ता पाहून तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास चालवा आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएमचा काटा झपकन वर गेला, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही जुनी पद्धत अनेक गॅरेजवाले वापरतात. ती एकदा ठीक आहे. चार वेळा केलीत तर उरलीसुरली प्लेट तिथेच जाळाल.

पेडल जड झालं आहे, गिअर अडकत पडतात, रिव्हर्स टाकताना खरखर होते, पण प्लेट घसरत नाही, अशा वेळी बहुधा दोष बाहेर असतो. केबलची गाडी असेल तर केबलच्या तारा आतून तुटायला लागतात किंवा गंजतात. केबल काही शे रुपयांत आणि थोड्या वेळात बदलून होते. हायड्रॉलिक क्लच असेल तर मास्टर सिलिंडर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळत असेल, किंवा पाइपात हवा शिरली असेल. क्लच आणि ब्रेकचं फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं आणि आपल्याकडचा दमट पावसाळा त्याला पुरेपूर हातभार लावतो. दर दोन वर्षांनी ते बदलायला हवं. बाटलीवर डॉट ३ की डॉट ४, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

आवाजाचाही एक नियम लक्षात ठेवा, कारण यात मोठी फसगत होते. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलट, न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर तो बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. हा दुसरा आवाज नव्या क्लचने जाणार नाही. गाडी लावताना मिस्त्रीला हे सांगा. गिअरबॉक्स उतरणारच आहे, तर ते बेअरिंगही त्याच वेळी पाहता येईल.

बाजारातला माल कसा ओळखायचा

दुकानात 'क्लच सेट द्या' म्हटलं की काउंटरवर साधारण चार प्रकारचा माल येऊ शकतो. पहिला गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, म्हणजे मारुती, टाटा, ह्युंदाई यांच्या नावाचा. दुसरा क्लच बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या खोक्यातला: व्हॅलिओ, लुक, एक्सेडी, साक्स. गाडी बनवणाऱ्या कंपन्या क्लच सहसा स्वतः बनवत नाहीत, याच लोकांकडून घेतात. त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा सेट पुष्कळदा तोच माल वेगळ्या खोक्यात आणि कमी दरात मिळतो. आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, सीके डायकिन नावाने क्लच बनत. तीच कंपनी पुढे एक्सेडी इंडिया झाली. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून 'डायकिनची प्लेट' हे नाव ऐकू येतं. माझी शिफारस या दुसऱ्या प्रकाराची. फक्त तुमच्या गाडीला कारखान्यातून कोणाचा क्लच आला होता ते आधी विचारा आणि जमलं तर तोच घ्या.

तिसरा प्रकार रिकंडिशनचा: जुनी प्रेशर प्लेट घासून, काळा रंग मारून, जुन्या प्लेटवर नवं लायनिंग रिबेट करून विकतात. ट्रक-टेम्पोच्या धंद्यात हे चालतं, आणि चांगला कारागीर असेल तर कामही देतं. पण घरच्या मोटारीत मी ते बसवणार नाही. डायफ्रॅमची स्प्रिंग तापून तापून ढिली पडलेली असते, आणि रंगाने ती पुन्हा कडक होत नाही. चौथा प्रकार नकली, नामांकित कंपनीच्या खोक्यात भरलेला.

नकली ओळखायला खोक्यावरच्या एकट्या होलोग्रामवर विसंबू नका. पाकिटावर एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष असणं कायद्याने बंधनकारक आहे. ते आहे का बघा, आणि क्यूआर कोड असेल तर दुकानातच मोबाइलवर तपासा. मग माल हातात घ्या. चांगल्या प्लेटचे रिबेट एका पातळीत बसलेले असतात, डँपरच्या स्प्रिंगा हाताने खुळखुळत नाहीत, प्रेशर प्लेटची घासणारी बाजू गुळगुळीत आणि तिच्या बोटांची टोकं एका उंचीवर असतात. पार्ट नंबर प्रेशर प्लेटवर कोरलेला किंवा ठोकलेला असतो आणि तो खोक्यावरच्या नंबराशी जुळतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुनी प्लेट सोबत न्या आणि नव्या प्लेटवर ठेवून बघा. व्यास, मधल्या भोकाचे दाते म्हणजे स्प्लाइन, आणि हबची उंची तंतोतंत जुळली पाहिजे. एकाच नावाच्या गाडीत वर्ष बदललं की किंवा पेट्रोलचं डिझेल झालं की क्लच बदलतो. म्हणून दुकानदाराला नुसतं मॉडेल सांगू नका, आरसीवरचा चॅसी नंबर आणि बनावटीचं वर्ष द्या.

'स्टेज वन', सिरॅमिक पकची प्लेट, रेसिंग क्लच असा माल हल्ली ऑनलाइन दिसतो. इंजिनाची ताकद वाढवून घेतलेल्या गाडीला तो लागतो. बदलापूरच्या स्टेशन रस्त्यावर रोज पहिला-दुसरा गिअर घालणाऱ्याला त्याचा त्रासच होईल: पेडल जड, आणि गाडी उचलताना दर वेळी थरथर.

पक्कं जीएसटी बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर जीएसटीचा दर १८ टक्के आहे. जुना २८ टक्के लावून कोणी बिल करत असेल तर विचारा. बिल नसेल तर वॉरंटी नाही आणि तक्रारही नाही. बिल असूनही दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एक भीती मात्र मनातून काढून टाका. बाहेरच्या गॅरेजात हात लावला की गाडीची सगळी वॉरंटी संपते, असं सांगितलं जातं. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्याच्या पद्धतीवर ठपका ठेवला आणि २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड लावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्यात म्हटलं होतं. दंडाचा वाद पुढे वरच्या पायऱ्यांवर गेला. तरी ग्राहकाने हे माहीत असू द्यावं. शिवाय क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू असल्याने कंपनीची वॉरंटी बहुधा तिला लागूच नसते.

काम चालू असताना

शक्य असेल तर कामाच्या दिवशी गॅरेजवर थांबा. निदान गिअरबॉक्स उतरल्यावर मला बोलवा, असं बजावून ठेवा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाडीचं काम कुशल हाताने एका दिवसात होतं. बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, गिअर ऑइल काढायचं, दोन्ही एक्सल बाहेर, स्टार्टर, केबल, वायरिंग मोकळं करायचं, इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने आधार द्यायचा आणि मग माउंटिंग सोडून गिअरबॉक्स उतरवायचा. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली कोणी शिरता कामा नये. पक्के स्टँड किंवा लिफ्ट हवीच.

बेल हाउसिंग उघडलं की आत काळी भुकटी दिसते. ती हवेच्या नळीने उडवू देऊ नका. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही, स्वस्त लायनिंगमध्ये काय मिसळलं आहे ते सांगता येत नाही, आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळीने कॅन्सर होतो. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसून घ्यायला सांगा. मिस्त्रीच्या आणि त्याच्या हाताखालच्या पोराच्या छातीचा प्रश्न आहे.

आता फ्लायव्हील बघा. त्यावर निळे डाग, बारीक केसासारख्या भेगा किंवा नखाला लागतील असे चर असतील तर नवी प्लेट तिथे नीट बसणार नाही, थरथरेल. हलके चर असतील तर लेथवर फेस मारून घेता येतो, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसी पट्ट्यात लेथवाल्यांची वानवा नाही. मात्र भेगा खोल असतील तर फ्लायव्हीलच बदला. स्कोडा-फोक्सवॅगनच्या टीडीआयसारख्या काही डिझेल गाड्यांत दोन भागांचं, आत स्प्रिंगा असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील असतं. ते लेथवर चढवायचं नसतं. त्यात किती ढिलाई चालते हे कंपनीच्या मापाने तपासतात, आणि ते गेलं असेल तर खर्चाचा अंदाजच बदलतो. अशा गाडीच्या मालकाने ही शक्यता आधीच विचारून ठेवावी.

क्लच गेला तो झिजून गेला की तेलाने भिजून, हे याच वेळी कळतं. प्लेट तेलकट असेल तर इंजिनाच्या बाजूचं क्रँकचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळतं आहे. नवी प्लेट टाकून सील तेच ठेवलं, तर काही महिन्यांत परत तेच काम. सील स्वस्त असतं. गळत नसलं तरी दोन्ही बदला. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्रच बदलायचं. 'प्रेशर प्लेट अजून चांगली आहे साहेब' हे वाक्य ऐकून पैसे वाचवायला जाऊ नका. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असेल तर तोही बदला. जुन्या प्लेटवर रिबेटच्या डोक्यावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी लायनिंग उरलं असेल, तर तिचं आयुष्य खरोखर संपलं होतं, एवढं समाधान मिळेल.

बसवताना चार ठिकाणी मन लावून बघा. रिलीज बेअरिंग पेट्रोल-रॉकेलमध्ये धुवायचं नाही. त्यात भरलेलं ग्रीस वाहून जातं आणि नवं बेअरिंग महिन्यात ओरडायला लागतं. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने काढायचा, आणि लायनिंगला तेलकट बोट लागू द्यायचं नाही. प्लेटवर 'फ्लायव्हील साइड' असं छापलेलं असतं. ती उलटी बसली तर सगळं जोडून झाल्यावरच कळतं, तेव्हा छापील बाजू स्वतः वाचा. आणि प्लेट मधोमध धरायला डमी शाफ्ट किंवा अलाइनमेंट टूल हवं. नजरेने मध्य काढणारे पटाईत लोक आहेत, पण गिअरबॉक्स शिरत नाही म्हणून हलवत, ठोकत, बोल्टने ओढून घेताना किंवा त्याचं वजन शाफ्टवर लटकवून ठेवताना प्लेटचा हब वाकतो. मग क्लच पूर्ण सुटत नाही आणि दोष 'बाजारी माला'वर ढकलला जातो.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे आणि शेवटी टॉर्क रेंचने. लहान गाड्यांत हा जोर साधारण २० ते २५ न्यूटन मीटर असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा घ्या. स्प्लाइनवर ग्रीसचा नुसता हात फिरवायचा. जास्त लावलं तर ते फिरताना उडून लायनिंगवर बसतं. गिअर ऑइल नवंच भरा. केबलच्या गाडीत पेडलची मोकळी चाल मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या, बहुतेक गाड्यांत ती १० ते २५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. मोकळी चाल नसेल तर बेअरिंग सतत प्रेशर प्लेटला टेकून राहतं आणि क्लच घसरतो. हायड्रॉलिक असेल तर पुरी हवा काढा.

एएमटी गाडीत क्लचचं पेडल नसतं, म्हणून अनेकांना वाटतं की तिच्यात क्लचच नाही. सेलेरिओने २०१४ मध्ये भारतात एएमटी आणली, तेव्हापासून अशा गाड्या आपल्याकडे वाढल्या. त्यांच्यात साधीच क्लच प्लेट असते, फक्त ती पायाऐवजी गाडीतली यंत्रणा चालवते. तीही झिजते. बदलल्यावर स्कॅनर लावून नव्या प्लेटचा पकडण्याचा बिंदू कंट्रोल युनिटला शिकवावा लागतो. ते यंत्र मिस्त्रीकडे आहे का, हे गाडी उघडण्याआधी विचारा.

पाण्याचा आपला प्रश्न

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ती जागा आपल्या दाराशी आहे. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्यांसाठी पाण्यात उभी राहिलेली गाडी ही दुर्मीळ गोष्ट नाही. बेल हाउसिंग हवाबंद नसतं, पाणी आणि गाळ आत जातो. काही दिवस गाडी उभी राहिली की फ्लायव्हील गंजतं आणि प्लेट त्याला चिकटते. इंजिन सुरू होतं, पण पेडल दाबूनही गिअर पडत नाही. अशा वेळी लगेच गिअरबॉक्स उतरवायची घाई नको. इंजिनात पाणी गेलेलं नाही याची खात्री झाल्यावर, मोकळ्या मैदानात आणि पुढे कोणी नसताना, इंजिन गरम करून बंद करा. मग पेडल पूर्ण दाबून दुसऱ्या गिअरमध्ये स्टार्ट करा आणि पेडल दाबूनच ठेवत ॲक्सिलरेटर-ब्रेक आळीपाळीने द्या. बऱ्याचदा प्लेट झटक्याने सुटते. तरीही सुटली नाही तर उघडावंच लागेल.

नवा क्लच बसल्यावर पहिले ५०० ते ८०० किलोमीटर त्याला घासून एकजीव व्हायला द्या. भरधाव गिअर टाकणं, गाडी ओढणं, दस्तुरीचा घाट हे सगळं या काळात बंद. पुढेही चढावर गाडी क्लचवर तोलून धरायची नाही, हँडब्रेक वापरायचा. पाय पेडलवर टेकवून चालवायची सवय असेल तर ती आजच सोडा. गॅरेज सोडताना जुने तिन्ही भाग परत मागून घ्या, बिलावर पार्ट नंबर आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून घ्या आणि गाडी एकदा बदलापूरपर्यंत फिरवून आणल्याशिवाय मजुरीचे शेवटचे पैसे देऊ नका.